कोयनेच्या घराघरात पुन्हा एकदा जा

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोयना धरणग्रस्तांची नव्याने सामाजिक पाहणी करण्याबाबत.

महोदय,

पत्राखालचा चेन्नईचा पत्ता पाहून आपल्या कार्यालयातले कुणीतरी म्हणेल, मद्रासेत बसून या बाईला कोयनेची उठाठेव कशाला? माझे माहेर कराडचे, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे इथल्या नदीकाठावर आहे, ते पुढे येईल. आधी कामाचे बोलते.

१९६९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांच्या पाहणीचा एक इंग्रजी अहवाल छापला. लेखिका दोन : इरावती कर्वे आणि जाई निंबकर. म्हणजे आई आणि लेक. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, इरावतीबाई गेल्या. माझी मागणी एका ओळीची आहे. ही पाहणी त्या घरांच्या आजच्या वारसांकडे जाऊन पुन्हा करावी, मराठीत छापावी आणि शासनाने त्यावर गावागावात उत्तर द्यावे.

इरावतीबाई म्हटले की आपल्याकडे ‘युगान्त’ आठवते, ‘परिपूर्ती’ आठवते, आणि पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणाऱ्या बाईची गोष्ट तर सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. लेखिका म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतले. त्यांचा धंदा मानवशास्त्राचा होता, हे मात्र आपण एखाद्या पदवीसारखे नावापुढे लावून सोडून दिले. त्या १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, पुण्यात वाढल्या, आणि पुढच्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या शास्त्राचे मोठे नाव. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्याचा वंशाशी काही संबंध आहे का, हे या पंचविशीतल्या मुलीने मोजायचे होते. तिने कवट्या मोजल्या आणि संबंध दिसत नाही असे लिहून दिले. मार्गदर्शकाला काय हवे आहे ते तिला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

जे दिसले तेच लिहिण्याची ही सवय मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मोलाची वाटते. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी भारतभर पायपीट केली, माणसांची डोकी-नाके मोजली, नात्यांची कोष्टके मांडली. १९५३ साली त्यांचे भारतातल्या नातेसंबंधांवरचे मोठे पुस्तक आले. त्यातली काही अनुमाने आज टिकत नाहीत. जातीबद्दलची त्यांची मांडणी पुढच्या अभ्यासकांनी बरीच खोडली, आणि डोकी मोजण्याचे ते शास्त्र तर आता कुणी दाराशीही उभे करत नाही. पण दारात जायचे, बसायचे, ऐकायचे आणि जे दिसले ते लिहायचे, ही रीत मोडीत निघालेली नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ही रीत घेऊन त्या कोयनेच्या लोकांकडे गेल्या. मिथके आणि कुळ्या यांच्यात रमलेली बाई धरणाच्या कामाकडे कशी वळली, असा प्रश्न काहींना पडतो. मला तो पडत नाही. गोत, भावकी, सोयरीक, देवक यांचा अभ्यास करणाऱ्याला एक अख्खे खोरे उठते तेव्हा काय काय तुटते ते इतरांच्या आधी दिसणारच.

कोयनेचा इतिहास आपल्याला मी सांगावा असे नाही, पण पत्र खुले आहे आणि वाचणारे दुसरेही आहेत. धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९६४ पर्यंत भिंत उभी राहिली. नदी पूर्वेला वाहणारी. तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडून त्यावर वीज करायची, अशी ही विलक्षण योजना. तिच्यावर महाराष्ट्राची कारखानदारी उभी राहिली. धरणामागचा शिवसागर जलाशय भरला, शंभराच्या आसपास गावे उठली. काही माणसे पाणी वर आले तशी डोंगरावर सरकली. काही रायगड, ठाणे, रत्नागिरीकडे गेली, काही सांगली-सोलापूरच्या माळावर. जिथून उठली त्या नवजा-कोयनानगर भागात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात, आणि सोलापूरला पाच-सहाशे. भात-नाचणी-वरीच्या माणसाला ज्वारीचे रान देऊन ‘जमिनीला जमीन दिली’ असे कागदावर लिहिता येते. डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलेल्यांची घरे पाडली. मग १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि पाण्याला भिऊन वर गेलेल्या वस्त्यांना वाघासाठी पुन्हा खाली उतरा असे सांगण्याची वेळ आली.

महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ साली. देशात असा कायदा करणारे आपण पहिले, हा अभिमान मलाही आहे. पुढे १९८६ चा आला, १९९९ चा आला. कोयनेचे लोक या सगळ्यांच्या आधी उठलेले. म्हणून प्रत्येक नव्या कायद्याच्या वेळी त्यांना पहिल्यापासून सिद्ध करावे लागले की आपण धरणग्रस्त आहोत. २०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या नेतृत्वाखाली ते कोयनानगरला दिवसेंदिवस ठिय्या देऊन बसले होते. मागण्यांत जमीन होती, नोकऱ्या होत्या, आणि एक मागणी अशी होती की आमचे संकलन पूर्ण करा. साठ वर्षांनी माणसे सरकारला सांगत होती, आधी आम्ही कोण आहोत ते लिहून घ्या.

संकलन हा आपल्या खात्यातला रोजचा शब्द. त्या रजिस्टरात खातेदाराचे नाव येते, क्षेत्र येते, गट नंबर येतो, कुटुंबातली माणसे येतात. ते हवेच, त्याच्याशिवाय कुणाला गुंठाभरही मिळणार नाही. पण खातेदार आजोबा, त्यांचे चार मुलगे, त्यांतला एक मुंबईच्या गिरणीत गेलेला, दोघांत वाटणी तोंडी झालेली, सातबारावर तिसऱ्याचेच नाव. अशी घरे त्या रकान्यांत मावत नाहीत. विधवा सून मावत नाही. बलुत्यावर जगणारा मावत नाही. डोंगराच्या माथ्यावर म्हशी घेऊन राहणारा गवळी धनगर तर पूर्वीपासूनच कुठल्या कागदावर नव्हता. नव्या गावठाणात लेक कुठे दिली, सून कुठून आणली, आजारात पैसे कुणी दिले, मयताला खांदा द्यायला भावकी पुरली का, ग्रामदेवता कुणी नेली आणि तिची जत्रा आता कुठल्या गावात भरते, हे प्रश्न तलाठ्याच्या कामाचे नाहीत, आणि त्याला ते विचारायला लावूही नये. ते विचारायला वेगळा माणूस लागतो. कर्वे-निंबकरांच्या पाहणीचे वेगळेपण तेच आहे : भिंत किती उंच झाली, यापेक्षा भिंतीमागची माणसे कुठे गेली आणि तिथे त्यांचे कसे चालले आहे, हे त्यांनी विचारले. धरणाच्या नियोजनाला जेवढे डोके लावले त्याच्या तुलनेत माणसांच्या नियोजनाला काहीच लावले नाही, हा त्या अहवालाचा सूर आहे. सरकारला गोड वाटेल असे त्यात फारसे काही नाही.

इरावतीबाई आंदोलक नव्हत्या. त्या मोर्चाच्या पुढे चालल्या नाहीत, धरण पाडा म्हणाल्या नाहीत. जाईताई पुढे फलटणला राहून कथा-कादंबऱ्या लिहीत राहिल्या. पण इरावतीबाईंच्या शेजारच्या घरात एक मुलगा त्यांचे काम पाहत होता, पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ झालेला माधव गाडगीळ. इरावतीबाईंच्या सहवासात मानवशास्त्राची गोडी लागल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. गाडगिळांनी वा. द. वर्तकांबरोबर सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रांबरोबर गवळी धनगरांचा अभ्यास केला, म्हणजे ज्यांचे नाव रजिस्टरात नव्हते त्यांचाच. आणि २०११ मध्ये पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा अहवाल आला तेव्हा त्यांचा सगळ्यात मोठा आग्रह होता की तो स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा, लोकांना बोलू द्या. त्या आग्रहाचे काय झाले ते आपण जाणता. मला एवढेच दाखवायचे आहे की मराठी मुलखात पर्यावरणाचा विचार माणसांना वगळून वाढलेला नाही, आणि त्यामागे एका मानवशास्त्रज्ञ बाईची पायपीट आहे.

आता चेन्नईतले माझे वेस्ट मांबलम, म्हणजे उरलेले अर्धे उत्तर.

मी राहते तो भाग शहराच्या जुन्या तळ्याकाठचा. मैलापूरचा लांबच लांब तलाव इथपर्यंत होता. १९२० च्या दशकात तो बुजवून पलीकडे त्यागराय नगर वसवायला सुरुवात झाली. आमच्या बाजूला लेक व्ह्यू रोड एवढी खूण उरली. पाणी मात्र जुना पत्ता विसरलेले नाही. थोडा जोराचा पाऊस झाला की रेल्वेखालचा दुरैसामी सबवे भरतो आणि पूर्व-पश्चिम मांबलमचा संबंध तुटतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेंबरंबाक्कमचे पाणी अडयार नदीत आले, सैदापेट, जाफरखानपेट, कोट्टूरपुरम बुडाले. आमच्या गल्लीतही तळमजल्यावरच्या लोकांनी गच्चीवर रात्री काढल्या.

पुरानंतर काय झाले? तलाव बुजवून बांधलेल्या वसाहतींना कुणी हात लावला नाही. ते शक्यही नव्हते; मी स्वतः अशाच एका घरात राहते. नदीकाठच्या झोपड्या मात्र उठवल्या. हजारो कुटुंबे शहराच्या दक्षिण टोकाला पेरुंबाक्कमच्या आठ मजली इमारतींत नेऊन ठेवली. ती जागा पल्लिकरणैच्या दलदलीच्या लगतची, सखल. पुराच्या नावाखाली ज्यांना नदीपासून हलवले त्यांना पाणथळीशेजारी नेले. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजमधल्या मानवशास्त्रज्ञ कॅरेन कोएल्हो यांनी नित्या रामन यांच्यासह २०१० सालीच लिहून ठेवले होते की चेन्नईच्या जलमार्गांवरच्या अतिक्रमणांचा दोष झोपडीवाल्यांच्या माथी मारला जातो आणि मोठ्यांची बांधकामे सुटतात. पूर आला तो त्यानंतर पाच वर्षांनी. कोएल्होबाईंच्या प्रबंधाचा विषय या शहराच्या पाणीपुरवठा खात्यातली माणसे कशी काम करतात हा होता. साहेबांच्या टेबलाशी बसून त्यांनी त्याचा अभ्यास केला. मानवशास्त्रज्ञ म्हणजे आदिवासी पाड्यावर वही घेऊन बसलेला माणूस, हे चित्र आता पुसायला हवे. त्याला आपल्या मंत्रालयातही बसवायला हवे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई नदीकाठच्या त्या वस्तीतल्या. पूर्वी चालत दहा मिनिटांत यायच्या. आता पहाटे निघतात, दोन बस बदलतात आणि आठला पोहोचतात. चार घरांची कामे होती, दोन उरली; बाकीच्यांना सहाला येणारी बाई हवी होती. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, चार घड्या घालून कडा झिजलेला घरवाटपाचा कागद असतो. तो त्या कामालाही बरोबर आणतात, घरी ठेवायला भितात. त्यावर त्यांचा अंगठा आहे, ब्लॉकचे अक्षर आहे, मजला आहे. जुन्या गल्लीतल्या सतरा बिऱ्हाडांपैकी चिठ्ठ्या टाकताना त्यांच्या मजल्यावर एकही आले नाही. सासू आजारी असते, पूर्वी शेजारीण बघायची. आता लिफ्ट बंद पडली की सासू खाली येऊ शकत नाही आणि शेजारणीची भाषा एकच असूनही ओळख नाही. मी विचारले, तुम्हाला हलवायच्या आधी कुणी घरी येऊन काही विचारले होते का? त्या म्हणाल्या, आले होते अम्मा, दारावर नंबर घालून गेले.

महोदय, माझ्या माहेरच्या नदीचे लोक मला या बाईंमुळे कळू लागले. धरण बांधताना पाटण आणि जावळीच्या दारांवर असेच नंबर पडले असतील. त्यानंतर दोन लेखिका दारात जाऊन बसल्या, एवढा तरी फरक. तमिळनाडूला मी सांगणारी कोण; इथल्या लोकांनी इथल्या सरकारला सांगावे, आणि ते सांगतही आहेत. आपल्याकडे मात्र हक्काने मागता येते.

केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. कर्वे-निंबकरांनी जे धरण झाल्यावर केले ते आधी करा, असाच तो अर्थ. तमिळनाडूने दुरुस्ती करून आपले काही कायदे त्यातून बाहेर काढले. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये काही प्रकारच्या प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट करून घेतली. घाईची कारणे सांगितली जातात, ती मी वाचली आहेत. धरण बांधायला दहा वर्षे लागली आणि लोकांचा हिशेब साठ वर्षांत लागला नाही, यात वेळ नेमका कुठे वाचला ते मला कळलेले नाही. आणि जिथे अभ्यास होतो तिथेही बऱ्याचदा तो सल्लागार कंपनीची पोरे टॅबवर पर्याय दाबत उरकतात. घर पक्के की कच्चे, शौचालय आहे की नाही, मोबदला मान्य की अमान्य. अशा पाहणीला मी नंबर घालण्यातच मोजते.

तेव्हा काय करावे, ते सांगते. डेक्कन कॉलेज आज अभिमत विद्यापीठ आहे आणि तो अहवाल त्यांचाच आहे. शासनाने त्यांच्याकडे हे काम सोपवावे. सोबत सातारा, रायगड, ठाणे, पालघर, रत्नागिरी, सांगली, सोलापूर इथल्या महाविद्यालयांतली समाजशास्त्राची मुले घ्यावीत. त्यांतली काही स्वतः धरणग्रस्तांची नातवंडे असतील, ती आधी घ्यावीत. आरंभ १९६९ च्या अहवालापासून करावा. जी घरे त्यात आली ती आता कुठे आहेत, शोधावे. ज्यांना मुलखाबाहेर जमीन मिळाली त्यांतल्या किती जणांनी ती राखली, किती जणांनी विकून खोऱ्यात परत येऊन डोंगरावर झोपडे घातले, हे विचारावे. डोंगरावर राहिलेल्यांना अभयारण्याने काय दिले आणि काय काढून घेतले, तेही. बायकांशी वेगळे बोलावे, पुरुष चावडीवर असताना. इरावतीबाईंना हे सांगावे लागले नसते. पाहणी एका उन्हाळ्यात उरकू नये. पावसाळ्यात शिवसागर भरलेला असताना लाँचने पैलतीरावर जाऊन वस्ती पाहिल्याशिवाय तिथल्या बाळंतिणीचे दुखणे कळणार नाही.

संकलनाचे काम त्यासाठी थांबवू नये. उलट जे रजिस्टरात बसत नाहीत त्यांची नावे या पाहणीतून पुढे येतील, आणि आपल्या अधिकाऱ्यांना ‘पुराव्याअभावी अपात्र’ असा शेरा मारण्याआधी वाचायला काहीतरी हाती असेल. पैसे किती लागतील? कोयनेच्या विजेतून राज्याने आजवर जे कमावले त्यापुढे तो आकडा कुणी विधानसभेत मोठ्याने वाचायच्याही लायकीचा नसेल.

अहवाल मराठीत यावा. तो संकेतस्थळावर टाकून मोकळे होऊ नये, प्रत्येक पुनर्वसित गावठाणाच्या ग्रामपंचायतीत छापील प्रत असावी, ग्रामसभेत वाचावा, आणि सभेने जे म्हटले त्याला तहसीलदाराने सही-शिक्क्याने उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. निदान कागदावर नकार येईल. कोयनेच्या लोकांना आजवर बहुतेक वेळा ‘फाईल वर पाठवली आहे’ एवढेच ऐकायला मिळाले आहे.

आणखी एक. राज्यात यापुढे जिथे धरण, महामार्ग, कॉरिडॉर, विमानतळ यांसाठी गाव उठवायचे असेल तिथे २०१८ ची सूट वापरणार नाही, असे आपण सभागृहात जाहीर करावे. कायदा बदलायला वेळ लागतो, सूट न वापरायला लागत नाही.

कर्वे-निंबकरांच्या अहवालाची प्रत येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयातून मागवता येईल. मंत्रालयातून सरकारी गाडीने चार तासांचे अंतर आहे. ती मागवावी, आपण स्वतः वाचावी आणि पुढच्या अधिवेशनाच्या आत निर्णय कळवावा, ही विनंती.

आपली,
कराडची एक माहेरवाशीण,
वेस्ट मांबलम, चेन्नई ६०० ०३३.